गेमचे पदक कोण तपासणार?

अमेरिकेतल्या बॉय स्काऊट्स संघटनेने २०१० साली आपल्या कब विभागातील लहान मुलांसाठी व्हिडिओ गेमचे पदक सुरू केले. कमरेच्या पट्ट्यात ओवायची धातूची एक लहानशी कडी आणि त्यापुढचा अभ्यास पूर्ण केला तर एक पिन, असे त्याचे दोन टप्पे होते. रानात राहायला, गाठी मारायला आणि जखमेवर पट्टी बांधायला शिकवणाऱ्या चळवळीने मुलांना पडद्यासमोर बसल्याबद्दल शाबासकी द्यावी, हे तेव्हा अनेकांना रुचले नाही. पुढे २०१५ मध्ये कब विभागाचा अभ्यासक्रम नव्याने बांधला गेला, तेव्हा तसल्या सगळ्याच कड्या बंद झाल्या आणि त्यांच्याबरोबर हीही गेली. आता तर त्या संघटनेचे नावदेखील बदलून स्काऊटिंग अमेरिका झाले आहे. पंधरा वर्षांनी, सातपुड्याच्या पायथ्याशी एका तालुक्याच्या गावात गाईड पथक चालवणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षिकेने त्या कडीचा विचार का करावा, असे कोणी विचारील. मी तो करते, कारण माझ्या पथकातल्या प्रत्येक मुलीच्या घरात आज कोणी ना कोणी मोबाइलवर गेम खेळते आहे, आणि आमच्या पदकांच्या यादीत या गोष्टीला कुठेही जागा नाही.

माझे मत प्रथमच सांगते. असे पदक असावे. मात्र त्याच्या अटी फार विचारपूर्वक ठरवाव्या लागतील, आणि अमेरिकेतल्या त्या कडीच्या सगळ्या अटी मला मान्य नाहीत.

स्काऊट-गाईड चळवळीत प्रावीण्य पदक मिळते म्हणजे नेमके काय घडते, हे बाहेरच्यांना बहुधा ठाऊक नसते. गणवेशाच्या बाहीवर शिवलेला कापडाचा गोल तुकडा लोकांना दिसतो. त्यामागचा परीक्षक दिसत नाही. मुलीने प्रथमोपचाराचे पदक मागितले, तर तिच्या स्वतःच्या गाईड कॅप्टनने ‘हिला येते’ एवढे म्हणून भागत नाही. विषय जाणणारी दुसरी कोणी व्यक्ती तिच्यासमोर बसते, तिला पट्टी बांधायला लावते, गाठ सैल आहे का ते बोटाने पाहते, प्रश्न विचारते आणि मग सही करते. दहा-बारा वर्षांच्या मुलीने स्वतः निवडलेल्या एका गोष्टीकडे एका मोठ्या माणसाने पुरते लक्ष द्यावे, असे प्रसंग आमच्याकडच्या मुलींच्या आयुष्यात फार थोडे येतात. पदकाची खरी किंमत मला तिथे दिसते.

मुले जे घरी आपणहून करतातच, त्याला पदक कशाला, हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. मग स्वयंपाकाचे पदक का आहे? आमच्या मेळाव्यांत बिनभांड्याच्या स्वयंपाकाची स्पर्धा असते. खानदेशातल्या पोरींना तो शिकवावाच लागत नाही. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून भरीत करणे त्यांनी लहानपणापासून शेतात पाहिलेले असते, आणि जिथे इतर ठिकाणची पथके अजून चूल मांडत असतात तिथे आमच्या मुली हिरव्या मिरच्या ठेचायला घेतात. तरीही आम्ही त्यांना गुण देतो, कारण घरी जे सवयीने होते ते इथे विचार करून करावे लागते. वारा कोणत्या बाजूने आहे, विस्तव कुठे पेटवायचा, नंतर तो पूर्ण विझला का, राख कुठे पुरायची, सगळ्यांना पुरेल एवढे झाले का, हे सगळे परीक्षक पाहतो. घरातली सवय जाणतेपणाने करायला शिकवणे हे पदकाचे कामच आहे, आणि मोबाइलवरच्या गेमइतकी अजाणतेपणाने लागलेली दुसरी सवय आज मुलांच्या आयुष्यात नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. स्काऊटिंग म्हणजे उघडे आकाश. चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर मुलांना नेले ते घराबाहेर काढण्यासाठीच, आणि त्यांच्या नावाने चालणाऱ्या चळवळीने मुलांना पुन्हा खोलीत बसवू नये, असे माझ्याहून ज्येष्ठ स्काऊट मास्तर सांगतात. त्यांचा मी आदर करते. पालच्या जंगलात, पाटणादेवीच्या डोंगरात, तोरणमाळच्या तलावाकाठी मुलींना घेऊन जाताना जे घडते त्याची जागा कुठलाही पडदा घेऊ शकत नाही, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. तरी दोन गोष्टी मांडते. पहिली आमच्या प्रदेशाची आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. सकाळी दहाच्या पुढे मुलांना मैदानावर उभे करणे हा गुन्हाच ठरावा, इतके ऊन असते. त्या दिवसांत दुपारी मुले घरातच असतात, दारे-खिडक्या लोटलेल्या असतात आणि घरात एक मोबाइल असतो. उघड्या आकाशाचा आग्रह धरणाऱ्या चळवळीने या दुपारींना आपल्या कक्षेबाहेर सोडून दिले, तर तेवढा काळ मुलांचे मार्गदर्शन गेम बनवणारेच करतील.

दुसरी गोष्ट चळवळीच्या स्वभावाची आहे. बेडन-पॉवेल यांना कल्पित जगाचे वावडे कधीच नव्हते. निरीक्षण वाढवण्यासाठी आम्ही जो खेळ घेतो, म्हणजे तबकात पंचवीस-तीस वस्तू मांडून मिनिटभर दाखवायच्या, मग कापड टाकायचे आणि आठवतील तेवढ्या लिहायला लावायच्या, तो किम्स गेम त्यांनी रुडयार्ड किपलिंग यांच्या ‘किम’ या कादंबरीतून उचलला. १९१६ मध्ये कब विभाग सुरू झाला तो किपलिंग यांच्याच ‘जंगल बुक’मधल्या लांडग्यांच्या कळपावर उभा राहिला. लहान मुलगा आपण लांडग्याचे पिल्लू आहोत असे मानून नियम शिकतो, यात त्या पिढीला काही गैर वाटले नाही. यंत्रांचेही तसेच. १९५८ पासून जगभरातले स्काऊट हॅम, म्हणजे हौशी लोक चालवतात त्या, रेडिओवरून एकमेकांशी बोलतात आणि त्या उपक्रमाला जांबोरी ऑन द एअर म्हणतात. रेडिओच्या खोलीत बसलेला मुलगाही त्या वेळी उघड्या आकाशाखाली नसतो, पण तो कोणाशी बोलतो आहे आणि शेजारी कोण आहे हे ठरलेले असते.

होकायंत्र शिकवताना एकदा माझ्या लक्षात आले की सोळा दिशा पाठ करताना बाकीच्या मुली अडखळत असताना एक मुलगी अंशांच्या आकड्यांवरून दिशा अचूक सांगत होती. कुठे शिकलीस असे विचारल्यावर ती म्हणाली, ‘‘बाई, भाऊ गेममध्ये असंच बोलतो, शत्रू दोनशे दहावर आहे म्हणतो.’’ पडद्याच्या वरच्या कडेला होकायंत्राची पट्टी असते आणि चौघांच्या संघातला प्रत्येक जण ती वाचून इतरांना दिशा सांगतो. ती स्वतः खेळत नव्हती. भावाच्या खांद्यावरून पाहून शिकली होती. त्या वर्गात मला दोन गोष्टी एकदम जाणवल्या. एक तर या खेळात शिकण्यासारखे काही आहे आणि ते आमच्या अभ्यासक्रमाच्या अगदी जवळचे आहे. आणि दुसरी, तो गेम गोळीबाराचा आहे, तिचा भाऊ लहान आहे, आणि त्या वयाला तो योग्य आहे का हे त्या घरात कोणी तपासलेले नाही.

म्हणूनच अमेरिकेतल्या त्या कडीची पहिली अट मला सर्वांत मोलाची वाटते. गेमना वयाप्रमाणे श्रेणी का असते ते समजावून सांग, आणि तुझ्याजवळचे गेम तुझ्या वयाला योग्य आहेत का ते तपास, अशी ती अट होती. तिकडे १९९४ पासून ईएसआरबी ही संस्था गेमना अशी श्रेणी देते. आपल्याकडे प्ले स्टोअरवर प्रत्येक गेमखाली ३+, ७+, १२+, १६+, १८+ असा आकडा लिहिलेला असतो, पण गेम उतरवून घेताना त्या आकड्याकडे पाहणारे पालक मला क्वचितच भेटले आहेत. दुसरी अट होती मोठ्या माणसाबरोबर बसून वेळापत्रक करण्याची, ज्यात घरकाम, अभ्यास आणि गेम या तिन्हींना जागा असेल, आणि ते पाळण्याचा मनापासून प्रयत्न करण्याची. तिसरी अट एक नवा गेम शिकण्याची, तोही पालकांनी किंवा शिक्षकांनी संमती दिलेला. पिनसाठी पर्यायांची यादी होती आणि त्यात कुटुंबाची स्पर्धा भरवणे, मोठ्या माणसाला किंवा मित्राला गेम शिकवणे, गणित किंवा शब्दलेखनाचा सराव देणारा गेम खेळणे असे चांगले पर्याय होते. त्याच यादीत दोन कंपन्यांच्या यंत्रांची तुलना करणे आणि एखाद्या गेमची किंमत तीन दुकानांत विचारून पाहणे हेही होते. ते मला पटत नाही. पैशाची जाण मुलांना हवीच, पण त्यासाठी आमच्याकडे ‘खरी कमाई’ हा उपक्रम आहे, जिथे मुले स्वतः काही करून विकतात आणि चार पैसे मिळवायला किती श्रम पडतात ते पाहतात. मुलाला चाणाक्ष गिऱ्हाईक बनवणारी अट स्काऊटच्या पदकात शोभत नाही, आणि गेमच्या कंपनीचे प्रायोजकत्व तर अशा पदकाला कधीही लागू नये.

गेममध्ये स्वतःचीच पदके असतात, हे पालकांनी समजून घेतले पाहिजे. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड अशा पायऱ्या, रोज हजेरी लावल्याचे बक्षीस, हंगाम संपला की खाली ढकललेली श्रेणी आणि ती परत मिळवण्याची धडपड. चढती पायरी आणि अंगावर मिरवायची खूण मुलांना किती ओढून नेते हे स्काऊट चळवळीने शंभर वर्षांपूर्वीच ओळखले होते. फरक असा की स्काऊटचे पदक मिळाले की ते काम पुरे होते. पोहण्याचे पदक मिळवलेल्या मुलाला पुढच्या महिन्यात ते काढून घेण्याची भीती कोणी घालत नाही, आणि तो दुसऱ्या विषयाकडे वळायला मोकळा होतो. गेमचे पदक मुलाला मोकळे सोडतच नाही, कारण तो परत यावा यासाठीच ते घडवलेले असते. हा फरक बारा वर्षांच्या मुलीला समजावून सांगता येतो. मी सांगून पाहिले आहे. तिला तो आपल्यापेक्षा लवकर कळतो, कारण श्रेणी घसरल्यावर भाऊ कसा चिडतो ते तिने पाहिलेले असते. तू खेळतेस त्या गेममध्ये तुला परत बोलावण्यासाठी काय काय केले आहे ते शोधून लिही, ही माझ्या पदकातली एक अट असेल, आणि ती सगळ्यांत अवघड असेल.

शासन आणि कंपन्या आपापल्या परीने मर्यादा घालतात. चीनने २०२१ मध्ये १८ वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच वेळ ऑनलाइन गेमसाठी ठेवला. आपल्याकडे बीजीएमआय हा मोबाइलवरचा गोळीबाराचा गेम २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला तेव्हा अल्पवयीन खेळाडूंना दिवसाला ३ तासांची मर्यादा घातली गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आली आणि ई-स्पोर्ट्सला, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळल्या जाणाऱ्या गेमना, स्वतंत्र मान्यता मिळाली. पैशाच्या गेमवरच्या बंदीचे मी मनापासून स्वागत करते. कपाशीचे पैसे हातात आले की काही घरांतली तरुण मुले रमीत काय करतात हे गावात सर्वांना दिसत होते. पण वडिलांच्या नावाने उघडलेल्या खात्यावर मुलगा खेळत असेल, तर ३ तासांचा नियम त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. पडद्यासमोर कोण बसले आहे हे यंत्राला कळत नाही. ते शेजारी बसलेल्या माणसालाच कळते.

जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराची नोंद आपल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात केली. ते २०१९ मध्ये स्वीकारले गेले आणि २०२२ पासून लागू झाले. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सगळ्या गोष्टींपेक्षा गेम पुढे जाणे, नुकसान होत असूनही थांबता न येणे, आणि हे साधारण वर्षभर टिकणे, ही त्याची लक्षणे आहेत. ही लक्षणे पदकाच्या अभ्यासक्रमात असावीत. प्रथमोपचाराच्या पदकात आम्ही उष्माघाताची लक्षणे शिकवतो, कारण आमच्याकडे तो होतो. तेवढ्याच सहजतेने हेही शिकवावे, म्हणजे मुलगी स्वतःबद्दल किंवा भावाबद्दल बोलू शकेल. पदकच नसेल तर हे बोलणे कोणत्या तासाला, कोणासमोर व्हावे?

मुलींबद्दल मला थोडे अधिक लिहायचे आहे. घरात एकच मोबाइल असला की तो बहुतेक मुलाच्या हातात असतो. मुलगी भांडी घासून येते तोवर बॅटरी संपलेली असते. ‘‘पोरीस्ना हातमा मोबाइल कसाले?’’ हे वाक्य मी पालकसभेत प्रेमाने काळजी करणाऱ्या वडिलांच्या तोंडून ऐकले आहे, आणि त्यांच्या काळजीला कारण नाही असे मी म्हणणार नाही. परंतु त्याचा परिणाम असा होतो की यंत्राशी खेळून, चुकून, पुन्हा करून पाहून येणारी धिटाई मुलाला मिळते आणि मुलीला मिळत नाही, आणि पुढे कॉलेजात संगणकासमोर बसल्यावर तीच मुलगी बिचकते. २०१३ मध्ये लॉस एंजेलिस परिसरातल्या गर्ल स्काऊट्सनी विमेन इन गेम्स इंटरनॅशनल या संस्थेबरोबर व्हिडिओ गेमच्या पदकावर काम सुरू केले, ते मुलींनी गेम बनवायला शिकावे आणि त्या वाटेने विज्ञान-तंत्रज्ञानाकडे वळावे यासाठीच. गाईडच्या पदकासाठी म्हणून, शाळेच्या चिठ्ठीनिशी, आठवड्यातला ठरलेला वेळ मागणारी मुलगी घरात न्याय्य हक्काने मोबाइल हातात घेऊ शकेल. केवळ एवढ्या एका कारणासाठीही मी हे पदक मागेन.

सगळ्यांकडे यंत्र नाही, हेही खरे. सातपुड्यातल्या आश्रमशाळांत शिकणाऱ्या पावरा आणि भिल्ल मुलींना मोबाइल असल्याशिवाय मिळणार नाही असे पदक काढणे अन्यायाचे होईल. याचे उत्तर अमेरिकेतच २०१३ मध्ये निघालेल्या गेम डिझाइनच्या पदकात सापडते. ते मोठ्या वयाच्या स्काऊटसाठी आहे आणि त्यात पडद्याची सक्ती नाही. वेगवेगळ्या प्रकारचे गेम खेळून त्यांचा अभ्यास करायचा, एखाद्या गेमचे नियम बदलून तो पुन्हा खेळायचा आणि काय फरक पडला ते सांगायचे, मग स्वतःचा नवा गेम रचून, त्याचा कच्चा नमुना करून, तो दुसऱ्यांना खेळायला देऊन सुधारायचा, असा तो अभ्यास आहे. आमच्या मुली हे रोज करतात आणि त्याला काही नाव आहे हे त्यांना माहीत नसते. विटीदांडूचे नियम दोन गावांत सारखे नसतात. लगोरीत चेंडू कुठे लागला तर बाद, यावर वाद होतो आणि तिथल्या तिथे नवा नियम ठरतो. आट्यापाट्यांत माणसे कमी पडली की पाट्या कमी होतात आणि खेळ चालू राहतो. सागरगोटे खेळणाऱ्या दोघींनी मध्येच ठरवलेली एखादी नवी अवघड फेरी हा नव्या नियमाचा प्रयोगच असतो. एका संघाने, म्हणजे सहा-आठ मुलींनी मिळून, एक जुना मैदानी खेळ आणि एक मोबाइलवरचा गेम समोरासमोर ठेवून दोन्हींचे नियम लिहून काढावेत, दोन्हींत हरल्यावर काय होते ते पाहावे, आणि मग आपला एक खेळ तयार करावा. त्यासाठी वही, खडू आणि अंगण पुरते. गेमकरता शाळेतला किंवा बाईंचा एक मोबाइल संघाला पुरतो.

एवढे सगळे मान्य झाले तरी परीक्षक कोण, हा प्रश्न उरतो, आणि माझ्या मते पदकाचे भवितव्य त्यावरच अवलंबून आहे. स्वयंपाकाच्या परीक्षकाला भाकरी थापता येते. गाठी तपासणाऱ्याला क्लोव्ह हिच आणि शीट बेंड डोळे मिटून मारता येतात. गेम कधीही न खेळलेला, गेमकडे तुच्छतेने पाहणारा शिक्षक परीक्षक म्हणून बसला तर मुले त्याला हवी ती उत्तरे पाठ करून देतील आणि पदक कागदावर राहील. उलट रात्रंदिवस गेम खेळणारा एखादा हौशी तरुण बसवला तर तो कौशल्यावर भाळेल. ज्या खानदेशात साने गुरुजींनी अमळनेरच्या छात्रालयात मुलांबरोबर राहून, त्यांच्या खोल्यांतून वावरून शिक्षकाचे काम केले, तिथे शिक्षकाने मुलाच्या जगात जाऊन बसणे ही काही परकी कल्पना नाही. आज मुलाचे जग थोडे त्या पडद्यातही आहे.

माझ्या डोळ्यांसमोर दोन परीक्षकांची जोडी आहे. एक कॉलेजच्या वयाची रेंजर, म्हणजे गाईड चळवळीतली मोठी मुलगी, जिला गेम माहीत आहेत आणि जिला मुली घाबरणार नाहीत. दुसरी शाळेतली शिक्षिका, जिला मुलीचे घर माहीत आहे. त्या मोठ्या मुलींपैकी एक-दोघींशी मी या विषयावर बोलले आहे आणि त्या तयार आहेत. शिक्षकांसाठी मात्र एक पूर्वअट असावी. अमेरिकेच्या पिनमध्ये मोठ्या माणसाला गेम शिकवण्याचा जो पर्याय होता, तो आपण सक्तीचा करावा, आणि शिकणारे मोठे माणूस म्हणून पहिला क्रमांक परीक्षक शिक्षकाचा असावा. प्रशिक्षण शिबिरात तंबू उभारणीच्या तासाला जोडून एक तास असा ठेवता येईल, जिथे पथकातली एखादी मुलगी शिक्षकांना एक गेम सुरुवातीपासून शिकवील. जो शिक्षक तिच्याकडून शिकेल, न कळलेले पुन्हा विचारील आणि ठरलेली वेळ संपताच मोबाइल खाली ठेवील, त्यालाच सहीचा अधिकार द्यावा, असा लेखी प्रस्ताव मी जिल्ह्याच्या पुढच्या बैठकीसाठी तयार करते आहे.